नवजात शिंगराचे आखडलेले पाय : प्रकल्प नोंदी

४ फेब्रुवारी

शिंगरू क्र. १, मादी. गाभणकाळ ३४१ दिवस, वजन ५० किलो, अंगाचं तापमान ३८.३ अंश सेल्सिअस, नाडी मिनिटाला ९६. वार तीन तासांच्या आत पूर्ण पडली.

पुढच्या दोन्ही पायांचे फेटलॉक, म्हणजे नळीच्या हाडाखालचे सांधे, आखडलेले. उजव्या पायात नळी आणि पेस्टर्न (फेटलॉक ते खूर हा भाग) एका रेषेत. डावा फेटलॉक वजन पडताच पुढे दुमडतो आणि सांध्याची पुढची बाजू जमिनीला टेकते. मागचे पाय नेमके उलट: सैल, टाचेवर रेललेले, खुराचं टोक जमिनीपासून बोटभर वर. आखडलेलं आणि सैल दोन्ही एकाच अंगावर असणं दुर्मिळ नाही, पण पुढचा सगळा निर्णय यावरच अडतो. पुढच्या पायांसाठी दिलेलं औषध मागच्या पायांनाही लागू होतं.

पायाला हात लावण्याआधी चीक. जे शिंगरू धड उभं राहत नाही ते कासेपर्यंत पोचत नाही, आणि चिकातली प्रतिकारद्रव्यं आतड्यातून रक्तात जाण्याची मुदत साधारण एका दिवसात संपते. चीक ब्रिक्स रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे दाटपणा मोजण्याच्या यंत्रावर, २६ टक्के (२३ च्या वर चांगला). घोडी पिळून दर दोन तासांनी २५० मिलि बाटलीने, पहिल्या बारा तासांत एकूण दीड लिटर. बाटली देताना शिंगरू छातीवर बसलेलं हवं आणि मान नेहमीच्या उंचीवर. मान वर खेचून पाजलं की दूध श्वासनलिकेत जातं. चोखणं मंद असेल तर बाटलीचा हट्ट न धरता पशुवैद्याने नाकातून नळी घालावी.

उभं करताना एक हात छातीच्या हाडाखाली आणि दुसरा मांड्यांच्या मागे. बरगड्यांवर दाब नको, पोटाखालून उचलणंही नको. जन्माच्या वेळी बरगड्या मोडलेल्या असू शकतात आणि बाहेरून कळत नाहीत.

हाताने तपासणी, शिंगरू आडवं असताना: नळी एका हाताने धरून दुसऱ्याने खुराचं टोक वर ढकललं. उजवा फेटलॉक जवळजवळ नैसर्गिक कोनापर्यंत जातो. डावा सरळ रेषेपर्यंत येतो आणि तिथे अडतो. अडतो त्या क्षणी नळीच्या मागे वरवरची आणि खोल, दोन्ही फ्लेक्सर टेंडन (स्नायूपासून हाडापर्यंत जाणाऱ्या, पाय मागे दुमडणाऱ्या दोऱ्या) ताणलेल्या दोरीसारखी हाताला लागतात. मग गुडघा दुमडून तीच तपासणी. गुडघा दुमडल्यावर फेटलॉक मोकळा झाला तर अडथळा वरच्या स्नायू-टेंडनच्या लांबीत आहे. काहीच फरक पडला नाही तर तो गुडघ्याखाली आहे: चेक लिगामेंट (टेंडनला हाडाशी बांधून आवर घालणारी पट्टी), सस्पेन्सरी लिगामेंट (फेटलॉकला तोलून धरणारी पट्टी) किंवा सांध्याचं आवरण. या शिंगरात मोकळा झाला. औषध आणि स्प्लिंट (पायाला बांधायचा कडक आधार) यांवर भरवसा ठेवण्याजोगी केस.

५ फेब्रुवारी

रक्त: आयजीजी (चिकातून रक्तात आलेली प्रतिकारद्रव्यं) ८०० मिग्रॅ/डेलि च्या वर, म्हणजे पुरेसा. ४०० ते ८०० मध्ये असता तर प्लाझ्माचा (शिरेतून द्यायच्या, प्रतिकारद्रव्यं असलेल्या रक्तद्रवाचा) विचार करावा लागला असता, ४०० च्या खाली असता तर प्लाझ्मा आधी आणि पाय नंतर. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा आकडा) २.४ मिग्रॅ/डेलि. पहिल्या दिवशी हा आकडा वरच्या बाजूला असतो, कारण वारेतून होणारी सफाई कधीकधी अपुरी पडलेली असते. एक-दोन दिवसांत तो उतरायला हवा. लघवी पातळ, विशिष्ट गुरुत्व १.००६. शिंगराची लघवी एरवीही पाण्यासारखीच असते. ती गडद दिसली तर पिणं कमी पडतंय असं धरायचं आणि पायांसाठीचं औषध (ऑक्सिटेट्रासायक्लीन) थांबवायचं.

पुढच्या गुडघ्यांचा आणि मागच्या हॉकचा (मागच्या पायाच्या मधल्या सांध्याचा) एक्स-रे काढला. आखडलेल्या पायांसाठी गुडघ्याचा एक्स-रे कशाला, असा प्रश्न हमखास येतो. या सांध्यांतली लहान चौकोनी हाडं जन्मताना अर्धवट कूर्चेची असतील तर स्प्लिंट लावून चालवलेलं शिंगरू ती हाडं चेपून घेतं, आणि चेपलेलं हाड परत मूळ आकारात येत नाही. इथे हाडं पूर्ण भरलेली. चालवायला हरकत नाही.

ऑक्सिटेट्रासायक्लीन, पहिला डोस: ४४ मिग्रॅ प्रतिकिलो, म्हणजे ५० किलोला २.२ ग्रॅम. ५०० मिलि नॉर्मल सलाईनमध्ये मिसळून शिरेतून, अर्ध्या तासाहून जास्त वेळ घेत. रिंगर लॅक्टेटमध्ये मिसळायचं नाही, त्यात कॅल्शियम असतं आणि हे औषध कॅल्शियमला धरून बसतं. याच कारणाने ते शिरेत भरभर सोडलं तर रक्तदाब कोसळतो, शिंगरू खाली बसतं. प्रोपिलीन ग्लायकॉलचं द्रावण असलेल्या औषधाने हे आणखी लवकर होतं. स्नायूत देण्यासाठी बनवलेलं दीर्घकाळ टिकणारं औषध इथे वापरू नये. बाटलीवरचा घटक वाचल्याशिवाय सुई भरायची नाही.

औषध अँटिबायोटिक म्हणून दिलेलं नाही. टेंडनमधल्या पेशी कोलॅजनचं जाळं आवळत असतात, ते आवळणं यामुळे कमी होतं आणि वजन पडलं की टेंडन ताण घेतं. म्हणूनच औषध देऊन शिंगराला दिवसभर पडून राहू दिलं तर डोस वाया. परिणाम टिकतो जेमतेम चार दिवस, तेवढ्यात वजनाने काम करून घ्यायचं.

दुखणं कमी ठेवण्यासाठी ब्युटॉर्फेनॉल. फ्लुनिक्सिन किंवा मेलॉक्सिकॅम आज नाही: ऑक्सिटेट्रासायक्लीनचा ताण मूत्रपिंडावर आधीच आहे, त्यात दुसरा भार नको. वेदनाशामक काढून टाकणं मात्र चुकीचं. ताणलेलं टेंडन दुखतं, दुखलं की शिंगरू पाय आणखी आखडून घेतं, आणि जास्त वेळ झोपून राहतं.

६ फेब्रुवारी

बाजूने काढलेल्या फोटोवर फेटलॉकच्या पुढच्या बाजूचा कोन मोजला (१८० म्हणजे सरळ रेषा, त्यापुढे म्हणजे दुमडलेला). उजवा १७९ वरून १६४. डावा १९४ वरून १८४. क्रिएटिनिन १.७, उतरतोय. दुसरा डोस, तोच, त्याच पद्धतीने.

मागचे पाय अपेक्षेप्रमाणे आणखी सैल. टाचेचे गोळे जमिनीला घासून लाल झालेत. त्यांना एका थराची हलकी पट्टी, फक्त कातडी वाचवण्यापुरती. जाड बँडेज किंवा स्प्लिंट सैल पायाला घातलं की स्नायू काम करणंच सोडतो आणि सैलपणा वाढतो. दिसायला "पायाला आधार" वाटतो, म्हणून हे फार ठिकाणी केलं जातं.

डाव्या पायाला स्प्लिंट. ११० मिमी व्यासाचा पीव्हीसी पाइप, उभा चिरून घेराचा एक तृतीयांश भाग घेतला. लांबी जमिनीपासून गुडघ्याच्या खाली दोन बोटं, या शिंगराला ३० सेमी. हीट गनने वरची कड बाहेरच्या बाजूला किंचित वळवली, सगळ्या कडा कानशीने गोल करून फेल्टची पट्टी चिकटवली. खालचं टोक खुराच्या तळाशी समपातळीत. तिथे अर्धा सेमी जरी जास्त निघालं तर प्रत्येक पावलाला स्प्लिंट वर ढकललं जातं आणि वरची कड गुडघ्याच्या मागे रुतते. संध्याकाळी तिथे खड्डा दिसतो, दुसऱ्या दिवशी जखम.

बांधण्याचा क्रम. शिंगरू आडवं, घोडीला ते दिसेल अशा जागी; शांत ठेवण्यासाठी डायझेपाम शिरेतून, ०.१ मिग्रॅ प्रतिकिलो, हळू. पाय कोरडा. कापसाचा रोल खुरापासून गुडघ्याखालपर्यंत दोन थर, सुरकुती न पाडता. फेटलॉकच्या मागची सेसॅमॉइड हाडं आणि टाचेचे गोळे या उंचवट्यांवर कापूस वाढवायचा नाही, त्यांच्या भोवती कडं करायचं. उंचवट्यावर जाडी वाढवली तर दाब तिथेच वाढतो. त्यावर गॉझ रोल घट्ट. मग मागच्या बाजूने स्प्लिंट, आधी वरचं आणि खालचं टोक चिकट पट्टीने बांधलं, आणि शेवटी फेटलॉकच्या पुढे हाताच्या तळव्याएवढी जाड गादी ठेवून तिच्यावरून रुंद पट्टीने सांधा मागे, स्प्लिंटकडे, ओढला. सुधारणा होते ती या ओढीने. बाकी सगळं बांधकाम तिला टेकू देण्यासाठी. अरुंद पट्टी वापरली तर तीच कातडी कापते. वरचं तोंड इलॅस्टिक पट्टीने बंद, नाहीतर गवताच्या काड्या आत जातात.

वेळ: चार तास चढवलेलं, चार तास उतरवलेलं, रात्रीसुद्धा. उतरवलं की बोटांनी कातडी चाचपायची: उष्ण, ओलसर, केस आडवे झालेले, गुलाबी? चारांपैकी एकही असेल तर पुढची पाळी गाळायची. नवजात शिंगराची कातडी कागदासारखी पातळ असते आणि तिच्याखाली लगेच हाड. टेंडन आठवडाभर ताण सोसेल, कातडी सोसत नाही. स्प्लिंट किती वेळ ठेवायचं ते कातडी ठरवते. अख्खा पाय दिवसरात्र प्लास्टरमध्ये ठेवण्याचा मोह होतो तो इथेच मोडतो: आतली जखम दिसत नाही, आणि प्लास्टर निघाल्यावर स्नायू ढिले आणि हाडं विरळ झालेली मिळतात.

७ फेब्रुवारी

डाव्या गुडघ्याच्या पुढे, किंचित बाहेरच्या अंगाला, लिंबाएवढी मऊ सूज. दाबल्यावर शिंगरू पाय काढून घेत नाही.

पहिली शंका सांध्यातल्या संसर्गाची घ्यावी. नवजात शिंगराच्या सुजलेल्या सांध्याकडे एक दिवस दुर्लक्ष झालं तर सांधा जातो. तापमान ३८.५, पांढऱ्या पेशी आणि फायब्रिनोजेन (दाह असेल तर रक्तात वाढणारं प्रथिन) मर्यादेत, दूध नेहमीसारखं, नाळेची जागा कोरडी. सूज सांध्यात नसून टेंडनच्या आवरणात आहे. अल्ट्रासाऊंडमध्ये कॉमन डिजिटल एक्स्टेन्सर टेंडनमध्ये खंड, दोन्ही टोकं वळलेली, मधे द्रव. म्हणजे पाय पुढे टाकणारं टेंडन तुटलंय.

कारण आखडलेल्या फ्लेक्सरमध्येच आहे. मागचं टेंडन सुटत नाही, पुढचं त्याच्याविरुद्ध दर पावलाला ओढत राहतं, आणि कमजोर बाजू तुटते. काही शिंगरं हे तुटलेपण घेऊनच जन्मतात, बाकीच्यांत ते पहिल्या काही दिवसांत दिसतं. उलट दिशेनेही फसवणूक होते: मुळात एक्स्टेन्सर तुटलेलं शिंगरू पुढे दुमडत चालतं आणि "आखडलं" म्हणून ऑक्सिटेट्रासायक्लीन मिळवतं. फरक हाताने कळतो. शुद्ध तुटलेल्या पायाचा फेटलॉक हाताने बिनविरोध नैसर्गिक कोनात येतो. शिंगराला फक्त तो स्वतःहून आणता येत नाही.

टाके घालायचे नाहीत. टोकं आपोआप तंतुमय ऊतींनी जोडली जातात आणि काम चांगलं होतं, सूज मात्र कित्येक महिने दिसत राहते. मालकाला ती आजच सांगून ठेवली, नाहीतर तिसऱ्या महिन्यात कोणीतरी त्यात सुई घालून संसर्ग ओढवून घेतं.

योजनेत बदल: मोकळं फिरवणं बंद, छोट्या खोलीत घोडीसोबत. अंथरूण आखूड आणि सपाट. खोल गवतात स्प्लिंट लावलेला पाय अडकतो. स्प्लिंट आता दोन कामं करतं, फेटलॉक मागे ठेवणं आणि दुमडून पुढची कातडी सोलली जाऊ न देणं. ते नसताना फेटलॉकच्या पुढे पॅड असलेलं बँडेज ठेवायचंच. ऑक्सिटेट्रासायक्लीनचा तिसरा डोस रद्द. डावा आता १७६ वर आहे, मागच्या पायांचा सैलपणा त्याहून मोठा प्रश्न.

९ फेब्रुवारी

उजव्या पायाला आता काही नको. डावा १७०.

मागच्या पायांच्या टाचांना आधारपट्टी. जन्मानंतर खुराचा तळ मऊ झालरीसारखा असतो, तो झिजून कडक होईपर्यंत थांबलो. नालबंदाने टाचेचा गोल भाग कानशीने सपाट केला. गोल टाचेवर पाय झुल्यासारखा मागे जातो, सपाट टाच जमीन धरते. त्यावर ६ मिमी प्लायवूडची पट्टी, खुराएवढी रुंद, टाचेच्या मागे ३ सेमी निघालेली, चिकट इलॅस्टिकने खुरालाच बांधलेली. पट्टी खुराच्या वरच्या केसाळ कडेवर घट्ट जाऊ द्यायची नाही. लगेच खुराचं टोक खाली आलं. आईने त्या मागे निघालेल्या भागावर पाय देऊन ती उखडणं हे ठरलेलं, तेव्हा दोन जास्तीच्या पट्ट्या कापून ठेवल्या.

चिकटवायच्या तयार नालांचा पर्याय आहे, पण त्या १० ते १४ दिवसांत काढाव्याच लागतात. खूर झपाट्याने वाढतो आणि कडक चौकटीत अडकला की टाचा आवळल्या जातात.

१२ फेब्रुवारी

शिंगरू क्र. २, नर, गाभणकाळ ३१७ दिवस, म्हणजे अपुऱ्या दिवसांचं, ३६ किलो. कपाळ घुमटासारखं, कान लुळे, केस रेशमी. चारही पाय सैल, मागचे टाचेवर.

सैल पायांचा नेहमीचा उपाय म्हणजे थोडं थोडं चालणं. इथे एक्स-रेमध्ये हॉकची हाडं धूसर, गोल, अंतरं मोठी: पूर्ण भरलेली नाहीत. म्हणून चालणं नाही. दिवसभरात फक्त दूध पिण्यापुरतं उभं करायचं, पाय वेडावाकडा पडत असेल तर हाताने सरळ धरून. बाकी वेळ छातीवर बसवलेलं, दर दोन तासांनी कूस बदलून. हाडं भरली का, हे पाहायला १० दिवसांनी पुन्हा एक्स-रे. सैलपणाचं नंतर बघता येतं, तो बहुतेक वेळा वयाबरोबर जातोच.

१६ फेब्रुवारी

क्र. १: डाव्याचं स्प्लिंट आता दिवसा चार तास, रात्री नाही. स्प्लिंटच्या वरच्या कडेखाली नळीच्या मागे रुपयाएवढी लाल जागा दिसली, पाळी गाळली, फेल्ट बदलून कड आणखी बाहेर वळवली. कातडी फुटलेली नाही.

मागच्या पायांच्या पट्ट्या काढल्या. टाच जमिनीवर सपाट, टोक टेकलेलं.

२२ फेब्रुवारी

क्र. २ च्या एक्स-रेमध्ये हाडांच्या कडा स्पष्ट व्हायला लागल्या, पण पूर्ण नाहीत. आणखी विश्रांती. हालचाल नसलेल्या शिंगराला व्रणांची भीती असते, कोपर आणि मांडीचं हाड रोज पाहायचं.

क्र. १ ला बाहेर काढलं: सपाट, टणक जमीन, घोडी हातात धरून चालवलेली, शिंगरू मागे. पाच मिनिटं, दिवसातून दोनदा. थांबायची खूण घड्याळ नव्हे, पाय. गुडघे थरथरायला लागले किंवा फेटलॉक पुढे डुलायला लागला की त्या क्षणी आत. थकलेलं शिंगरू टेंडनवर झुकून उभं राहतं आणि पुन्हा आखडतं. दहा मिनिटांच्या लोभात आठवड्याची कमाई जाते. स्प्लिंट फक्त फिरण्याच्या वेळी, एक्स्टेन्सर अजून भरवशाचं नाही.

५ मार्च

स्प्लिंट बंद. डावा १५८, उजवा १५५. डाव्या गुडघ्यापुढची सूज कमी पण कडक, अल्ट्रासाऊंडमध्ये खंडाच्या जागी दाट ऊती. पाऊल पुढे टाकताना खूर किंचित उशिरा उलगडतो, जमिनीवर सपाट पडतो.

क्र. २: तिसरा एक्स-रे समाधानकारक. चालणं सुरू, तीन मिनिटांपासून.

१८ एप्रिल

क्र. १ आता अडीच महिन्यांचं आणि वेगाने वाढतंय. आजचं काम खुरावर. डाव्या पुढच्या खुराची टाच उजव्यापेक्षा उंच व्हायला लागली आहे, खुराची पुढची भिंत उभी. ही खोल फ्लेक्सर टेंडनची खूण, फेटलॉकच्या दुखण्याहून वेगळी: हाड लांबायला लागतं, टेंडनला वेळेत लांबता येत नाही, टाच उचलली जाते. पहिल्या महिन्यापासून चौथ्या महिन्यापर्यंत हे कोणत्याही शिंगरात येऊ शकतं. डाव्या पायाचा इतिहास पाहता इथे लक्ष दुप्पट.

टाच २ मिमी उतरवली, टोकाला हात लावला नाही. टोकाला ॲक्रिलिकची १ सेमी वाढ, पातळ थरांत, प्रत्येक थर गार झाल्यावर पुढचा. एकदम जाड थर लावला तर सेट होताना निघणारी उष्णता शिंगराच्या पातळ भिंतीतून आत जाते. घोडीचा खुराक कमी केला, कारण शिंगरू तिच्या पाटीतलं दाणापाणी खातंय आणि दूधही भरपूर. शिंगराला पाटीपासून तोडायचं, चालणं रोज पण टणक जमिनीवर लांब पळवणं नाही.

तीन आठवड्यांनी खुराचा कोन पुन्हा मोजायचा. भिंत उभी रेषा गाठायला लागली तर चेक लिगामेंट कापण्याचा निर्णय पशुशल्यविशारदाकडे, आणि तो लवकर. उभी रेषा ओलांडल्यावर त्याच शस्त्रक्रियेचा उपयोग झपाट्याने कमी होतो. तोवर टाच दर दोन आठवड्यांनी, एका वेळी थोडी.